‘दोन टक्के’ म्हणजे किती? पाटणचा शिलालेख, लीलावती आणि माझी एक चूक

माझ्या पीएचडीचा विषय कोणी विचारला की मी साधारण असं सांगतो : गुणोत्तर, प्रमाण आणि शेकडेवारी या गोष्टी आपल्याकडे पूर्वी कशा शिकवल्या जायच्या आणि आज सहावी-सातवीची मुलं त्यात नेमकी कुठे अडखळतात. यावर समोरचा बहुतेक वेळा म्हणतो, “त्यात संशोधन करण्यासारखं काय आहे? त्रैराशिक मांडा, उत्तर काढा.” आजचा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. सुरुवात मात्र माझ्याच एका चुकीपासून करावी लागेल.

सातवीच्या एका वर्गासाठी मी सरावाचे काही प्रश्न काढले होते. त्यात एक होता : ‘५००० रुपयांवर २ टक्के दराने एका वर्षाचं सरळव्याज किती?’ माझं अपेक्षित उत्तर अर्थातच १०० रुपये. बहुतेकांनी तेच लिहिलं. एका मुलीने लिहिलं १२००. मी लाल पेनाने फुली मारली. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “सर, आईच्या बचत गटात दोन टक्क्यांनी पाच हजार घेतले की महिन्याला शंभर रुपये जातात. मग वर्षाचे बाराशेच होणार ना?”

मी प्रश्न पुन्हा वाचला. त्यात ‘दर साल दर शेकडा’ हे शब्दच नव्हते. आपण पुस्तकात ज्याला द.सा.द.शे. म्हणतो ते लिहायचं मी विसरलो होतो. कारण माझ्या डोक्यात टक्के म्हणजे वर्षाचेच. तिच्या घरात टक्के म्हणजे महिन्याचे.

मग मी मागे जाऊन जुने ग्रंथ आणि लेख या एकाच प्रश्नासाठी पुन्हा चाळले : टक्के कशाचे, किती काळाचे आणि कोणाच्या मापाचे?

आधी थोडं त्रैराशिक

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त त्रैराशिकाचा नियम एका श्लोकात बसवला आहे. तीन संख्या दिलेल्या असतात, चौथी काढायची. पहिलीला म्हणायचं प्रमाण, दुसरीला फल, तिसरीला इच्छा. फल गुणिले इच्छा, भागिले प्रमाण. आलेलं उत्तर म्हणजे इच्छाफल. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये तोच नियम सांगताना एक अट स्पष्ट घातली : पहिली आणि शेवटची राशी एकाच जातीची हवी. किलोला रुपये विचारत असाल तर इच्छाही किलोतच हवी.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं (इ.स. ११५०) एक उदाहरण घेऊ. अडीच पळ केशर ३/७ निष्काला मिळतं, तर ९ निष्कांना किती? इथे प्रमाण ३/७, फल अडीच, इच्छा ९. अडीच गुणिले ९ म्हणजे साडेबावीस. त्याला ३/७ ने भागलं की साडेबावन्न पळ. आज आपण शाळेत एकमान पद्धतीने आधी १ निष्काचं केशर काढू आणि मग नवाने गुणू. भास्कराचार्य आधी गुणतात, भागाकार शेवटी करतात. उत्तर तेच, पण मधल्या पायरीवर अपूर्णांक कमी छळतात. कागद महाग किंवा नसलेलाच असताना हा फायदा लहान नव्हता.

ही रीत इतकी उपयोगी होती की अकराव्या शतकात अल्-बिरूनीने भारतातल्या या ‘राशिकां’वर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आणि स्वतः भास्कराचार्यांनी तर म्हटलं आहे की जसं सगळं विश्व हरीने व्यापलं आहे, तसं सगळं अंकगणित त्रैराशिकाने व्यापलं आहे.

माझं लक्ष मात्र एका शब्दावर अडलं. पहिल्या राशीला नाव आहे ‘प्रमाण’. आज आपण ‘प्रमाण’ म्हणतो ते दोन गुणोत्तरांच्या समानतेला, म्हणजे संपूर्ण नात्याला. त्रैराशिकात प्रमाण म्हणजे माप, ज्याच्या आधाराने बाकी सगळं मोजायचं ती राशी. हिशोब सुरू होतो तोच मुळी ‘माप कोणतं?’ या प्रश्नापासून. माझ्या सरावाच्या प्रश्नातून नेमकं तेच गळालं होतं.

पाटणचा दगड

चाळीसगावजवळ, गौताळा अभयारण्याच्या डोंगरात पाटणादेवीचं ठिकाण आहे. इथला एक शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. लेखात शके ११२८ चा उल्लेख आहे, म्हणजे तेराव्या शतकाचं पहिलं दशक. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला आणि स्थानिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. भास्कराचार्यांबद्दल लिहिणारे बहुतेक जण या लेखातली वंशावळ सांगतात आणि थांबतात. लेखाचा मोठा भाग संस्कृत आहे, वंशावळ त्यातच आहे.

मला मात्र शेवटच्या ओळींनी धरून ठेवलं. त्या तेव्हाच्या मराठीत आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ लिहिली जायला अजून ८० वर्षांहून जास्त अवकाश आहे, आणि इथे दगडावर मराठी कोरली आहे ती हिशोबासाठी! मठ चालायचा तर उत्पन्न हवं, म्हणून बाजारातून कोणी काय द्यायचं ते सांगितलं आहे. त्यातल्या तीन तरतुदी अशा :

पहिली, गिऱ्हाइकाकडून दामाचा ‘विसोवा’, म्हणजे विसावा भाग.

दुसरी, जितके तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल.

तिसरी, इथे जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजावं. मापणावळ अर्धी मठाला, अर्धी माप घालणाऱ्याला.

आता आपलं सहावी-सातवीचं पुस्तक उघडून बघा. विसावा भाग म्हणजे शेकडा ५, ही शेकडेवारी. घाण्यामागे एक पळी हा दर. घाणे दुप्पट झाले की तेल दुप्पट, म्हणजे समप्रमाण. अर्धं-अर्धं हे १:१ गुणोत्तर. एकाच दगडावर धडे आहेत तीन, आणि तेही जिथे ‘लीलावती’ शिकवली जावी म्हणून मठ काढला त्याच मठाच्या खर्चासाठी. उत्तरेकडे बिघ्याच्या विसाव्या भागाला आजही बिस्वा म्हणतात. आपला विसोवा त्याच कुळातला. शंभर हाच पाया असतो असं काही नाही. विसाने भागणाऱ्याला वीस सोयीचे.

माप कोणाचं?

तिसऱ्या तरतुदीजवळ थोडं थांबू. ‘मठाच्या मापाने मोजावं’ हे वेगळं सांगायची गरज का पडली असेल?

उत्तर ‘लीलावती’तच आहे. त्रैराशिकानंतर भास्कराचार्य व्यस्त त्रैराशिक सांगतात, म्हणजे एक राशी वाढली की दुसरी कमी होते असे प्रसंग. असे प्रसंग कोणते याची यादीच ते देतात : सजीवांचं वय आणि किंमत, सोन्याचा कस आणि वजन, आणि राशीची वेगवेगळ्या मापांनी केलेली मोजणी. शेवटच्याचं उदाहरण असं : धान्याची एक रास सात आढकांच्या मापाने मोजली तर १०० मापं भरली. पाच आढकांच्या मापाने मोजली तर किती? सात गुणिले शंभर, भागिले पाच. १४० मापं.

रास तीच आहे. एक दाणाही वाढलेला नाही. पण माप लहान केल्याबरोबर शंभराचे एकशेचाळीस झाले. मापणावळ मापांच्या संख्येवर धरली, तर लहान माप वापरणाऱ्याला ४० टक्के जास्त मिळणार आणि शेतकऱ्याचे तेवढे जाणार. दगडावर आधी माप कोरावं लागलं ते यामुळे, असं मी वाचतो. पाटणच्या बाजारात ‘अर्धं-अर्धं’ या गुणोत्तराला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ‘कशाचं अर्धं’ ते आधी ठरलेलं असतं. आणि हेही विसरता येत नाही की जो मठ अर्धा वाटा घेतो, माप त्याचंच आहे.

यादीतला पहिला प्रसंग वाचताना मात्र घशात काहीतरी अडकतं. ‘लीलावती’तलं उदाहरण असं आहे : सोळा वर्षांच्या स्त्रीला ३२ निष्क पडतात, तर वीस वर्षांच्या स्त्रीला किती? उत्तर २५ पूर्णांक ३/५. त्याच श्लोकात पुढे बैलाची किंमत आहे. गणित बिनचूक आहे. पण वय वाढलं की किंमत त्याच प्रमाणात घटते, हे कोणी ठरवलं? गणिताने नाही. बाजाराने ठरवलं, आणि गणित त्या गृहीतकावर स्वार झालं. माणसाच्या खरेदी-विक्रीचा तो व्यवहार तेव्हा इतका सरावाचा होता की उदाहरणसंग्रहात बैलाशेजारी बसला. पूर्वजांच्या गणिताचं कौतुक मी करतो, पण हे उदाहरण वगळून करायला मला जमत नाही.

या दोन उदाहरणांतून माझ्या संशोधनातला एक मोठा धडा निघतो. प्रमाणाचं गणित दोन पायऱ्यांचं असतं. दुसरी पायरी गुणाकार-भागाकाराची, ती यंत्रही करतं. पहिली पायरी म्हणजे या दोन राशी खरंच एकमेकींसोबत चालतात का, आणि चालत असतील तर कोणत्या मापाने, हे तपासणं. वर्गात मी कधी कधी विचारतो, “दोरीवर वाळत घातलेले तीन शर्ट एका तासात वाळतात, तर नऊ शर्ट किती वेळात वाळतील?” हात पटकन वर येतात : “तीन तास!” मग मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटतं, “पण ऊन तर तेवढंच आहे ना.” त्या एका पुटपुटण्यासाठी मी वर्गात जातो.

शेकडा, पण महिन्याचा

आता त्या मुलीच्या १२०० कडे येऊ.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त व्याजाचे दर दिले आहेत. धर्माला धरून असलेला दर शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण. व्यापारी व्यवहारात पाच पण, रानावनातून जाणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. पाया शंभरच आहे, पण काळ महिन्याचा. आजच्या भाषेत वर्षाला अनुक्रमे १५, ६०, १२० आणि २४० टक्के. धोका वाढेल तसा दर वाढतो हेही त्यात दिसतं.

‘लीलावती’त पंचराशिकाचं उदाहरण आहे : शंभराला महिन्याला पाच व्याज, तर सोळांना वर्षाचं किती? पाच गुणिले बारा गुणिले सोळा, भागिले शंभर. ९ पूर्णांक ३/५. इथेही शेकडा महिन्याचाच. पेशवाईतल्या कर्जाच्या कागदांतही दरमहा दरशेकडा व्याज लिहिण्याची रीत दिसते.

म्हणजे कौटिल्य किंवा भास्कराचार्य माझ्या वर्गात परीक्षक म्हणून आले असते तर १२०० वर बरोबरची खूण पडली असती आणि लाल फुली माझ्या प्रश्नावर! ती मुलगी चुकली नव्हती. दोन हजार वर्षं चालत आलेली रीत तिच्या आईच्या बचत गटात अजून चालू आहे. गावात कोणी ‘तीन टक्क्यांनी पैसे घेतले’ म्हणालं की ऐकणाऱ्याला ते महिन्याचे आहेत हे न सांगता कळतं. बँकेत जाऊन कोणी ‘बारा टक्के’ ऐकलं की ते वर्षाचे आहेत हेही कळावं लागतं. ज्याला हा फरक माहीत नाही त्याला तीन हे बारापेक्षा कमी वाटतात. प्रत्यक्षात ते छत्तीस आहेत.

युरोपातही हे गणित वाढलं ते व्यापाऱ्यांच्या हातात. पाटणचा लेख कोरला गेला त्याच्या जेमतेम पाच वर्षं आधी, १२०२ मध्ये, पिसाच्या लिओनार्दोने म्हणजे फिबोनाचीने ‘लिबेर अबाची’ पूर्ण केलं. त्यातही मिरी, कापड, नाणी यांची अशीच उदाहरणं खच्चून भरली आहेत. टक्क्याचं आजचं चिन्ह पुढे इटलीतल्या व्यापारी हस्तलिखितांमध्ये ‘पेर चेंतो’ म्हणजे ‘शंभरामागे’ या शब्दांचा संक्षेप घासत घासत तयार झालं. आपला ‘टक्का’ हा शब्द ‘टका’ या नाण्याशी नातं सांगतो. दोन्हीकडे शेकडेवारीचा जन्म पेढीवर झाला आहे, शाळेत नाही.

लहान दिसणारे आकडे

आण्यांच्या काळात हे आणखी अवघड होतं. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. ‘महिन्याला रुपयामागे एक पैसा’ हा दर ऐकायला किती किरकोळ वाटतो! करून बघा : ६४ ला १, तर १०० ला दीडपेक्षा थोडं जास्त (१.५६२५). बारा महिन्यांचे पावणेएकोणीस टक्के. ‘रुपयाला एक आणा’ म्हटलं तर महिन्याचे सव्वासहा आणि वर्षाचे ७५ टक्के. पाया ६४ किंवा १६ असला की शंभराशी तुलना मनात करणं कठीण, आणि तुलना करता आली नाही की महाग-स्वस्त कळत नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटलं. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ते पसरले. शेतकऱ्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि हिशोबाच्या कागदांवर. ते हिसकावून जाळले गेले. या उठावाची कारणं अनेक होती : कापसाचे पडलेले भाव, वाढलेला शेतसारा, कोर्टातून होणारी जप्ती. नुसतं गणित येत नव्हतं म्हणून दंगे झाले असं मी म्हणणार नाही. पण जाळायला नेमके कागद निवडले गेले, कारण हिशोबाचं माप त्या कागदात बंद होतं आणि कागद सावकाराच्या पेटीत. १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने कोर्टाला कर्जाचा मागचा इतिहास तपासायला लावला आणि शेतकऱ्याला पावती व हिशोब मागण्याचा हक्क दिला. माझ्या दृष्टीने ही पाटणच्या तिसऱ्या तरतुदीचीच पुढची पायरी आहे : माप उघड्यावर आणा.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ‘रुपयाला दोन पैसे’ आणि ‘शेकडा दोन’ हे तेव्हापासून एकच झालं. पाया एक झाला. काळ मात्र अजून दोन आहेत : गावात महिना, बँकेत वर्ष.

मग शिकवायचं काय?

काही वाचक विचारतील, की मग त्रैराशिक परत आणायचं का? मला तसं वाटत नाही. एकमान पद्धतीत मुलाला ‘एकाचं किती’ हे दिसतं, ती पायरी फार मोलाची आहे. पण रीत कुठलीही असो, आकडेमोडीआधी तीन प्रश्न तोंडून बोलायची सवय हवी. कशाचे? किती काळाचे? कोणाच्या मापाने? दुकानाच्या पाटीवर ५० टक्के सूट आणि त्यावर आणखी २० टक्के सूट लिहिलेली असते. घाईत आपण ७० धरतो. ‘कशाचे २०?’ असं विचारलं की उरलेल्या पन्नासाचे, म्हणजे दहाच, हे कळतं. एकूण सूट ६०.

मी माझा प्रश्न दुरुस्त केला. आता तो असा आहे : ‘बचत गट दरमहा दरशेकडा २ ने कर्ज देतो. बँक द.सा.द.शे. १२ ने देते. ५००० रुपयांना वर्षाचं सरळव्याज दोन्हीकडे किती? आणि तरीही कोणी गटाकडूनच का घेत असेल?’ पहिल्या भागाची उत्तरं १२०० आणि ६००. दुसऱ्या भागाचं उत्तर पुस्तकात नाही.

हा प्रश्न घेऊन त्याच वर्गात गेलो तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या वेळी फुली मारली ते माझं चुकलं होतं, आणि त्या मुलीच्या वहीत १२०० शेजारी बरोबरची खूण केली. ती फार खूश वगैरे झाली नाही. नव्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून तिने सरळ लिहिलं : ‘बँक कागद मागते आणि गटात सगळ्या एकमेकींना ओळखतात. आणि गटाचं व्याज शेवटी गटातल्या बायकांनाच मिळतं.’

शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. वर्षाचे चोवीस टक्के कोणाकडून कोणाकडे जातात, हे मी विचारलंच नव्हतं. माझ्या तीन प्रश्नांत तो चौथा तिने घातला.